पहिली वाटणी उभी, दुसरी आडवी

निफाड तालुक्यातले चार एकरांचे एक वावर डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला डांबरी रस्ता, पूर्वेला ओहोळ. रस्त्याकडची बाजू ४०० फूट, तिथून ओहोळापर्यंतची लांबी साधारण ४३६ फूट. रस्त्याजवळ मुरमाड, मधे मध्यम, ओहोळाकडे काळी कसदार माती. विहीर अर्थातच खालच्या अंगाला, कारण पाणी तिथेच लागते. चार भाऊ वाटणीला बसतात तेव्हा गावातली जाणती माणसे एकच सल्ला देतात: उभी वाटणी करा. प्रत्येकाला १०० फूट रस्ता, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा मुरूम, थोडी काळी. कुणाचे डावे-उजवे होत नाही.

पुढच्या पिढीत प्रत्येकाला दोन मुलगे. पुन्हा उभी वाटणी. आता प्रत्येक पट्टा ५० फूट रुंद, ४३६ फूट लांब, म्हणजे बरोबर २० गुंठे. अजून सगळ्यांना रस्ता आहे. तिसऱ्या पिढीत मात्र गाडे अडते. पन्नास फुटांचे उभे दोन भाग केले तर पंचवीस फुटांत द्राक्षाच्या दोन ओळी धड बसतात आणि ट्रॅक्टर वळवायचा कुठे हा प्रश्न उरतो. मग वाटणी आडवी होते. एक भाऊ रस्त्याकडचे १० गुंठे घेतो, दुसरा ओहोळाकडचे. पुढच्याकडे वाट आहे, पण माती मुरमाड आणि पाणी नाही. मागच्याकडे काळी माती आहे, विहीर आहे, पण वाट नाही. एकाला रोज भावाच्या वावरातून जायचे आहे, दुसऱ्याला रोज भावाच्या वावरातून पाइप आणायचा आहे. दोघांचे पटते तोवर सगळे सुरळीत. बायका, जावई, एखादे गहाणखत किंवा नुसते एक आडवे पडलेले बाभळीचे झाड मधे आले की तहसील कचेरीत तारखा सुरू.

कायद्याला या सगळ्यात काही वावगे दिसत नाही. दोन्ही तुकडे दहा-दहा गुंठ्यांचे आहेत, जमीन बागायत आहे, आणि ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बागायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आणि जिरायतीचे २० गुंठे ठरवले आहे. क्षेत्र भरले म्हणजे तो तुकडा नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापासून आजवर जमिनीच्या विभाजनाचा सगळा विचार गुंठे मोजून झाला. शेत कसण्याजोगे राहते की नाही हे गुंठ्यांइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, वाट आणि पाणी यांवर ठरते, आणि त्या दोन गोष्टी वाटणीच्या कागदावर बहुधा येत नाहीत.

कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. हे आकडे सांगून हळहळायची आपल्याकडे प्रथा आहे. पण या आकड्यांत नाशिक जिल्हा नीट बसत नाही. याच काळात याच जिल्ह्यात द्राक्ष, टोमॅटो, डाळिंब, उन्हाळ कांदा, भाजीपाला यांचे अर्थकारण उभे राहिले आणि त्यातला मोठा भाग अल्पभूधारकांच्या वावरांतून आला. दहा गुंठे टोमॅटो किंवा ढोबळी मिरची नीट केली तर ती पाच एकर कोरडवाहू बाजरीला मागे टाकू शकते. लहान असणे हा रोग असता तर दिंडोरी-निफाडचे शिवार कधीच ओस पडले असते. रोग कोंडले जाण्याचा आहे.

हा कोंडमारा कायद्यानेच वाढवला, असे म्हटले तर महसूल खात्यातल्या लोकांना राग येईल, पण क्रम पाहा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान भाग पाडायला बंदी. कुटुंब तर वाढतच राहिले. मग लोकांनी काय केले? सातबारावर नावे सामाईक ठेवली आणि वावरात तोंडी वाटणी करून बांध घातले. कागदावर एक गट, सात नावे. जमिनीवर सात वावरे. जिथे क्षेत्र पुरत होते तिथे खातेफोड झाली, म्हणजे प्रत्येकाचा उतारा वेगळा झाला, पण मोजणी न करता. सातबारा फुटला, नकाशा फुटला नाही. गट नंबर १४२/१ ते १४२/५ असे पाच उतारे निघतात आणि भूमी अभिलेखच्या नकाशात मात्र १४२ ची एकच आकृती असते. पोटहिस्सा नेमका कुठे, हे फक्त बांध सांगतो, आणि बांध सरकतो. पीएम-किसानसारख्या योजना, पीक कर्जासाठी इतर सहधारकांच्या संमतीची अट, ई-पीक पाहणी या सगळ्यांनी कागदी खातेफोडीला आणखी घाई लावली. घाईत वाट कोण लिहितो?

जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ने सहधारकांच्या संमतीने तहसीलदाराकडे वाटप करून घेता येते. अर्ज, सर्वांच्या सह्या, आदेश, मग फेरफार. त्या अर्जात प्रत्येकाचे क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, असतो. विहिरीचा हिस्सा कधी लिहितात, कधी नाही. वाट बहुधा लिहीतच नाहीत, कारण अर्ज लिहिणाऱ्याला ती स्वतःसिद्ध वाटते: आजपर्यंत जात होतो, उद्याही जाऊ.

आता या पट्ट्यांत प्रत्यक्षात काय वाया जाते ते मोजू. चार एकरांचे आठ उभे पट्टे म्हणजे मधले सात बांध. प्रत्येक बांध तीन फूट धरला तर ७ × ३ × ४३६, म्हणजे ९,१५६ चौरस फूट, जवळजवळ साडेआठ गुंठे. एका अख्ख्या हिश्श्याच्या निम्म्याहून जरा कमीच जमीन नुसत्या गवताला आणि भांडणाला गेली. ओहोळापर्यंत बारा फूट रुंदीची एक सामाईक वाट सोडली असती तर तिला ५,२३२ चौरस फूट लागले असते, पाच गुंठ्यांनाही थोडे कमी. म्हणजे ‘वाटेला जमीन कुठून आणायची’ हा प्रश्न हिशेबाचा नाहीच. बांध एक-दीड फुटांवर आणून कोपऱ्यांना दगड रोवले तर वाटेची जमीन तिथेच निघते.

द्राक्षाचा हिशेब आणखी बोलका आहे. नऊ बाय पाच फुटांवर लागवड धरली तर एकरात ९६८ वेली, वीस गुंठ्यांत ४८४. हे कागदावर. पन्नास फुटांच्या पट्ट्यात दोन्ही बांधांपासून पाच-पाच फूट सोडले की चाळीस फूट उरतात, त्यात पाच ओळी. लांबीत दोन्ही टोकांना ट्रॅक्टर-ब्लोअर वळायला बारा-बारा फूट सोडले की ओळीत ८२ वेली. एकूण ४१०. हाच पट्टा आडवा तोडून दोन दहा-दहा गुंठ्यांचे केले की वळणाची जागा दोनदाच्या ऐवजी चारदा सुटते, ओळीत ३८ वेली राहतात, दोघांच्या मिळून ३८०. एकाही माणसाने एक इंच जमीन विकली नाही आणि कागदावरच्या ४८४ मधून शंभराहून जास्त वेली कमी झाल्या. टोकाचे ताण, अँगल, लोखंडी वाय, मेन लाइन, व्हॉल्व्ह, फिल्टर मात्र दोघांचे वेगवेगळे लागले, म्हणजे कमी वेलींवर जास्त खर्च.

एवढ्यावर भागत नाही. पाच ओळींच्या बागेत बांधापासून दूर अशी ओळच नसते. शेजारी उसात किंवा मक्यात तणासाठी टू-फोर-डी मारतो आणि वारा फिरला की द्राक्षाची कोवळी पाने पंख्यासारखी आवळतात. एकाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरअखेर, दुसऱ्याची ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पहिल्याकडे केवडा हा बुरशीचा रोग आला की दुसऱ्याच्या नव्या फुटीवर बीजाणू तयारच. निर्यातीच्या बागेत तर थेट पैशाचा प्रश्न. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यादीत नोंद प्लॉटची होते, नमुना प्लॉटचा घेतला जातो आणि उर्वरित अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेला औषध कुणी मारले याच्याशी घेणेदेणे नसते. काढणीच्या तोंडावर शेजाऱ्याने मारलेले औषध आपल्या घडावर सापडले तर माल आपला अडतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या उर्वरित अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे कशी अडली, ते या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. तेव्हापासून आपण औषधांच्या याद्या पाठ केल्या; वावराच्या आकाराकडे मात्र पाहिले नाही.

इथे एक कबुली दिली पाहिजे. उभ्या पट्ट्यांऐवजी मधोमध वाट काढून दोन्ही बाजूंना चौकोनी तुकडे केले तर वेलींची संख्या फारशी वाढत नाही. चारशेच्या आसपासच राहते, कारण ओळी आखूड होऊन वळणाची जागा जास्त जाते. फायदा होतो तो वेगळाच: मधल्या ओळी बांधापासून चाळीस-पन्नास फूट आत जातात आणि प्रत्येक वावराच्या तोंडाशी गाडी येते. चौकोनी वाटणीची खरी अडचण मातीची. वरच्याला नुसता मुरूम, खालच्याला नुसती काळी. त्यावर जुना उपाय आहे, आणेवारीने वाटणी करण्याचा: मुरमाड घेणाऱ्याला जास्त गुंठे, काळी घेणाऱ्याला कमी. पण इथे पुन्हा कायदा आडवा येतो. चार एकरांचे सोळा हिस्से करताना मधे बारा फुटांची वाट वेगळी काढली तर प्रत्येक हिस्सा १९४ बाय साडेचोपन्न फुटांचा, म्हणजे सुमारे ९.७ गुंठ्यांचा होतो. दहाला तीन दशांश कमी! वाट न सोडणारे भाऊ कायदेशीर, वाट सोडणारे तुकडेबाज. आणेवारी लावली तर काळ्या मातीचा हिस्सा आणखी खाली जातो. कुठल्याही शहाण्या कायद्याचे उलटे टोक यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

वाट नसण्याची किंमत पावसाळ्यात कळते. खरीप टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हा काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो. दहा गुंठ्यांच्या वावरात एका तोड्याला साठ जाळ्या निघाल्या, जाळी वीस किलोची, आणि गाडी तीनशे मीटर अलीकडे थांबली असे धरा. माणूस एका खेपेला एक जाळी नेतो. साठ खेपा, जाऊन-येऊन सहाशे मीटर, एकूण छत्तीस किलोमीटर चालणे, त्यातले अर्धे डोक्यावर वीस किलो घेऊन. तीन-चार दिवसांनी पुन्हा तोडा. ही मजुरी कुठल्याही उत्पादन खर्चाच्या तक्त्यात वेगळी दाखवत नाहीत. शिवाय पिंपळगावच्या लिलावाला उशीर झाला तर पडेल तो भाव घ्यावा लागतो, तो निराळाच.

म्हणून जाणकार शेतकरी वाट नसलेल्या वावरात टोमॅटो लावतच नाही. तिथे शेणखताची ट्रॉली जात नाही, जेसीबी जात नाही, गव्हाला हार्वेस्टर जात नाही. मग तिथे घास, चाऱ्याचा मका, नाहीतर दोन वर्षांतून एकदा सोयाबीन. जिल्ह्यातली उत्तम काळी माती अशा चाऱ्याखाली गेलेली पाहायला फार हिंडावे लागत नाही. आपण पीकरचनेचे नकाशे काढतो ते पाऊस आणि माती पाहून: इगतपुरीकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणून भात, येवल्याकडे पाचशेच्या आसपास म्हणून बाजरी, मका, कांदा. जिल्ह्याच्या पातळीवर ते खरेच आहे. पण एका शिवाराच्या आत उतरलात की एकाच मातीवर, एकाच पाटाखाली, दोन शेजारच्या वावरांत वेगळे पीक का, याचे उत्तर पुष्कळदा वाटेत सापडते.

पाण्याचेही तसेच. सामाईक विहिरीला आठ वाटेकरी झाले की पाळी आठव्या दिवशी येते. शेतीपंपाला थ्री फेज वीज आठ तास, तीही कधी रात्रीची. आठवड्यातून एकदा आठ तास पाणी हे पाटपाण्याच्या गव्हाला पुरायचे. ठिबकवरच्या टोमॅटोला रोज किंवा दिवसाआड थोडे-थोडे लागते. मग प्रत्येकजण स्वतःच्या पट्ट्यात बोअर घेतो. पन्नास-पन्नास फुटांवर आठ बोअर, खाली तोच बेसॉल्ट, त्याच भेगा, तेच पाणी. भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणतो आणि तिच्यावर बंधने घालतो. चांदवड, येवला, सिन्नरच्या माळांवर ही रेघ कुठल्या कुठे मागे पडली आहे. जमीन वाटता आली, पाणी वाटता आले नाही, म्हणून खोलात शिरण्याची शर्यत लागली. शेततळ्याचा उपायही लहान वाटेकऱ्याच्या हाती येत नाही. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे तळे सुमारे बावीस लाख लिटर पाणी धरते, पण नुसत्या तोंडालाच नऊ गुंठे खाते, भराव वेगळा. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत किमान ०.६० हेक्टर जमिनीची अट होती. दहा गुंठेवाल्याने मागायचे कुठून?

जुन्या लोकांनी हा पेच सोडवला होता, तोही याच जिल्ह्यात. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर बंधारे घालून फड पद्धत चालायची, धुळ्याकडे पांझरेवरही तीच. बंधाऱ्याखालच्या भिजक्षेत्राचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी फड बदलायचा. पाटकरी पाणी सोडायचा, हवालदार देखरेख करायचा, जागल्या राखण करायचा, मोबदला पिकातून. यातली गंमत ही, की बहुतेक खातेदारांची जमीन एका जागी नसायची, प्रत्येक फडात थोडी-थोडी असायची. आजच्या भाषेत हे टोकाचे तुकडीकरण. पण त्यामुळेच पाटाच्या तोंडाचा आणि शेपटाचा असा वेगळा माणूस उरत नसे, आणि दुष्काळात एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला तर तोटा सगळ्यांचा सारखा व्हायचा. अख्ख्या फडात पीक एक, पाण्याची वेळ एक, म्हणून एकाच्या कामाचा दुसऱ्याच्या पिकाला त्रास नाही. पुढे हरणबारी आणि केळझर ही धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, प्रत्येकाचे पीक वेगळे झाले आणि फड मोडत गेले. ते पुन्हा आणा असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. अख्ख्या फडात ऊस लावा म्हटले तर आज कोण ऐकेल? पण तुकडे एकत्र न करताही तुकड्यांचा वापर एकत्र करता येतो, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या शेतकऱ्यांनी ते आधुनिक रीतीने करून दाखवले. १९९० च्या सुमारास ओझरला समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून कालव्याच्या शेपटाकडे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे वाघाड प्रकल्पाच्या सगळ्या लाभक्षेत्राचे व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले आणि २००५ मध्ये राज्याने सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा कायदा केला. संस्थेला पाणी घनमापनाने मोजून मिळते, कुठल्या पिकाला द्यायचे ते शेतकरी ठरवतो, आणि वाटपाचा क्रम संस्था ठरवते. दहा गुंठेवालाही सभासद, दहा एकरवालाही. जमिनीच्या मालकीला हात न लावता पाणी एकत्र केले गेले. पाण्याच्या चाऱ्यांची देखभाल होते ती त्या चाऱ्यांवर कुणाचा तरी हक्क लिहिलेला आहे म्हणून. वाटेच्या बाबतीत असा लिहिलेला हक्क आपण निर्माण केला नाही.

याला दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले, एकत्रीकरण करा. महाराष्ट्रात ते करून झाले आहे. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्याच योजनेतून. अनेक गावांत कागदावर अदलाबदल झाली, पण माणसे आपापल्या जुन्या वावरातून हलली नाहीत. सातबारा एकाचा, कब्जा दुसऱ्याचा असे गुंते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ते सोडवण्यासाठी २०२३ च्या जानेवारीत सलोखा योजना आणावी लागली. दोघांचा एकमेकांच्या जमिनीवर किमान बारा वर्षे ताबा असेल तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त होतो. अर्ध्या शतकापूर्वीच्या चुकीची ही दुरुस्ती. ज्या विहिरीवर आणि आंब्यावर आजोबांचा हात फिरला आहे ती जागा नकाशावरच्या सोयीसाठी माणूस सोडत नाही, हे कुठल्याही योजनेने गृहीत धरलेच पाहिजे.

दुसरे उत्तर, जमीन खंडाने द्या, म्हणजे कसणाऱ्याचे क्षेत्र वाढेल. ते होतेच आहे, तोंडी. कूळ कायद्याची धास्ती अजून गेलेली नाही, म्हणून लिहून कुणी देत नाही. अकरा महिन्यांच्या तोंडी बोलीवर द्राक्षाचा मांडव कुणी उभारत नाही. कांदा आणि मका एवढेच घेता येते.

एक तिसरे एकत्रीकरण मात्र गुपचूप चालू आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, देशाने २००५ मध्ये. तरी वाटणीच्या दिवशी बहिणींना गाडी पाठवून बोलावतात, साडी-चोळी करतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. आज जे दहा गुंठे दिसतात ते बहिणींचे हिस्से वजा होऊन दिसतात. तुकडीकरणाची चिंता करणाऱ्या परिसंवादांत ही बाब निघत नाही, कारण तिथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या सातबारावर अशी एखादी सही असते.

शहराच्या कडेला हाच प्रश्न कोट-टाय घालून येतो. गंगापूर, मखमलाबाद, आडगावपासून ओझर-पिंपळगावपर्यंत शेतजमिनीचे अकरा-अकरा गुंठे फार्म हाउस म्हणून विकले जातात. अकरा का, तर दहाच्या वर राहावे म्हणून. घेणारा पहिले काम काय करतो? तारेचे किंवा भिंतीचे कंपाउंड. त्या भिंतीखाली कधी पाणंद जाते, कधी पाटाची चारी. चारी बुजली की खालची वीस-तीस एकर कोरडी. पण नवा मालक कायद्याने पूर्ण स्वच्छ, कारण त्याच्या उताऱ्यात चारीचा उल्लेखच नाही. समृद्धी महामार्गासारख्या कुंपणबंद रस्त्यांनी सिन्नर-इगतपुरीकडे गट दुभंगले तिथेही प्रश्न तोच: मोबदला जमिनीच्या क्षेत्राचा मिळतो, पलीकडे अडकलेल्या वावराला पडलेल्या वळशाचा बहुधा मिळत नाही.

पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडे चित्र निराळे आहे. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, विकता येत नाही, आणि त्याच्या पोटातल्या वाटण्या कुठल्याच उताऱ्यावर दिसत नाहीत. नागली-वरईच्या उतारावर तीन भावांचे भागत नाही, म्हणून त्यातले दोघे द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) दिंडोरी-निफाडच्या टोळ्यांत येतात. वरच्या गावातल्या न दिसणाऱ्या वाटणीवर खालच्या गावातले पट्टे उभे आहेत. त्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

मग करायचे काय? वाट अडली तर आज दोन दरवाजे आहेत. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, अडवल्यापासून सहा महिन्यांत, तहसीलदाराकडे. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागायची. दोन्ही भांडण झाल्यावरचे उपाय. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी असे म्हटले, ही दिशा बरोबर आहे. बैलगाडीच्या मापाची वाट आता चालत नाही हे सरकारने मान्य केले. पण ही नोंद वाद निघाल्यावर नव्हे, वाटणीच्याच दिवशी झाली पाहिजे. कलम ८५ च्या वाटपात हातकच्चा का होईना, नकाशा सक्तीचा करा, आणि त्यावर वाट व जलवाहिनी दाखवल्याशिवाय फेरफार मंजूर करू नका. वाटपपत्राचे नोंदणी शुल्क सरकारने २०२५ मध्ये माफ केले आहे. त्या सवलतीला ही एक अट जोडली तरी पुष्कळ. आणि सामाईक वाटेखाली गेलेले क्षेत्र प्रत्येकाच्या हिश्श्यातच मोजा, म्हणजे ९.७ गुंठ्यांचा विनोद संपेल.

नोंद कशी असावी, हेही सांगायला हवे, कारण ‘रस्ता आहे’ एवढ्या दोन शब्दांच्या नोंदीचा काही उपयोग होत नाही. कुठल्या बांधालगत, किती रुंद, कुठून कुठवर, कुणासाठी, आणि बारमाही की फक्त सुगीत, हे लिहावे. उदाहरणार्थ: ‘गटाच्या दक्षिण बांधालगत १२ फूट रुंद, डांबरी रस्त्यापासून विहिरीपर्यंत, सर्व सहधारकांना बारमाही वाहन वहिवाट, वाटेच्या कडेने ३ फूट खोल जलवाहिनी टाकण्याचा व दुरुस्तीचा हक्क.’ तीन फूट यासाठी की नांगराच्या आणि सबसॉयलरच्या फाळाला पाइप लागू नये. विहिरीचा हिस्सा आण्यांत लिहावा, पाळीचा वार लिहावा, आणि वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे तेही. कितीतरी विहिरींवरचे मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे, आणि थकबाकी भरायची वेळ आली की आठही नातू एकमेकांकडे बघतात.

सलोख्यातली बारा वर्षांच्या ताब्याची अट वाट मोकळी करणाऱ्या अदलाबदलीला लावू नये. पुढच्याने मागच्याला चार गुंठ्यांची वाट द्यावी, मागच्याने विहिरीजवळचे तेवढेच गुंठे पुढच्याला द्यावेत, असा व्यवहार हजार रुपयांत झाला तर कितीतरी दावे उभेच राहणार नाहीत.

मोजणीचा हंगाम हीसुद्धा बारीक वाटणारी, पण मोठी गोष्ट आहे. उन्हाळ कांदा काढून झाला की चैत्र-वैशाखात वावरे मोकळी असतात, बांध आणि जुने दगड उघडे दिसतात, भाऊ-बहिणी लग्नसराईच्या निमित्ताने गावात असतात. वाटणीची मोजणी तेव्हाच व्हायला हवी. अर्जांची गर्दीही नेमकी तेव्हाच होते, आणि पुष्कळांना तारीख मिळते ती श्रावण-भाद्रपदातली. भूकरमापक येतो, कंबरेएवढा मका पाहतो आणि पंचनाम्यात ‘उभे पीक असल्याने मोजणी करता आली नाही’ असे लिहून परत जातो. मार्च ते मे या तीन महिन्यांत भूमी अभिलेखने बाकीची कामे मागे ठेवून फक्त कौटुंबिक वाटण्यांच्या मोजण्या घेतल्या, तर वरचे निम्मे काम त्यातच होईल.